मी रोपं का आणली नाहीत

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात जेवणानंतरच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेली मापं लिहून काढताना घातली आहेत.)



जेवण झाल्यावर बोलायला मला उभं केलंय, तेव्हा ज्यांना डुलकी लागेल त्यांनी खुशाल घ्यावी. शाळेत असताना भूगोलाच्या तासाला घेतच होतो. फक्त ज्यांच्या घरी माझ्याकडची मिरवेल अजून जिवंत आहे, त्यांनी कृपा करून जागं राहावं. मला आज मुख्यतः त्यांच्याशी बोलायचंय.

समितीने मला दोन महिन्यांपूर्वी फोन केला. म्हणाले, गेल्या मेळाव्यात तू सगळ्यांना मिरीची रोपं दिली होतीस, लोकांना फार आवडलं, यंदाही आण. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नंतर कळवलं की रोपं आणणार नाही, त्याऐवजी दहा मिनिटं बोलायला द्या. समितीला वाटलं, ही कविता म्हणणार. तसं काही नाही, घाबरू नका.

2018 च्या मे महिन्यातला तो मेळावा तुम्हाला आठवत असेल. याच सभागृहात, त्या खिडकीखाली मी काळ्या पिशव्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. 34 जण आलो होतो आणि प्रत्येकाला एक पिशवी. पन्नियूर-1 जातीची मिरी, चार-पाच पानांची, तरतरीत. मी टपाल खात्यात 36 वर्षं काढली. आयुष्यभर दुसऱ्यांची पार्सलं पोचवली, तेव्हा स्वतःचं म्हणून काही सगळ्यांच्या घरी पोचवताना मला किती आनंद झाला होता ते काय सांगू. पिशव्यांवर मी सुतळीची फुलं बांधली होती.

त्या पिशव्यांतल्या काहींमधून मी रोग पाठवला. हे सांगायला मी उभी आहे.

आता नीट सुरुवातीपासून सांगते. आमचं घर उताराला. वरच्या अंगाला विहीर, तिथून पाट काढलेला, आणि पाटाच्या दोन्ही बाजूंना पोफळी. त्यांतल्या 14 पोफळींवर माझ्या सासूबाईंनी मिरवेली चढवल्या होत्या. सासूबाईंचा हात मोठा. मिरीचे घोस काढून अंगणात वाळवायला घातले की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ओंजळीत मूठभर पडायचीच. त्या गेल्या तेव्हा आगर माझ्याकडे आलं, आणि मी नोकरीतून सुटले तेव्हा पूर्णवेळ आले. 2016 साली मी रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून आणखी दोन वेली आणल्या. त्या पिशवीतल्या मातीसकट सगळ्यात वरच्या दोन पोफळींच्या बुडाशी लावल्या. वरती, पाटाच्या तोंडाशी. या वाक्यात माझी सगळी चूक आली, पण तेव्हा मला ते दिसलं नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांतली एक वेल पिवळी पडली. मला वाटलं, खत कमी पडलं. शेणखत घातलं. ती गेलीच. आगरात एखादी वेल जाते, त्याचं कोण दुःख करतं? मी ती उपटून गडग्याच्या कडेला टाकली, म्हणजे पुन्हा वरच्याच अंगाला. 2018 च्या फेब्रुवारीत तुमच्यासाठी कलमं केली ती खालच्या वेलींची. त्या अगदी हिरव्यागार होत्या. आणि 2019 चा पाऊस तुम्हाला आठवत असेल, कोकणात कोणाला तो विसरता येणार नाही. त्या श्रावणात पंधरा दिवसांच्या आत माझ्या नऊ वेली उभ्याच्या उभ्या झडल्या. सकाळी पानं लोंबलेली, चार दिवसांनी खाली सडा, आठवड्याने पोफळीला नुसता काळा दोर.

मी कृषी विद्यापीठाच्या लोकांना गाठलं. एक तरुण शास्त्रज्ञ आला, माझ्या मुलापेक्षाही लहान. त्याने पानं बघितली नाहीत की औषध सांगितलं नाही. आधी विचारलं, "काकू, मेलेल्या वेली कुठल्या कुठल्या, ते जरा चालून दाखवा." मी चालत गेले, तो मागून. खाली पोचल्यावर म्हणाला, "आता मागे बघा." मी मागे बघितलं. मेलेल्या सगळ्या वेली एका रेषेत होत्या, आणि ती रेष पाटाची होती. पाटापासून लांब, उंचवट्यावर असलेल्या पाच वेली जिवंत.

हा रोग म्हणजे मिरीची मर, किंवा द्रुतमर. तो करणाऱ्या जीवाचं नाव फायटोफ्थोरा. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ झाडाचा नाश करणारा. 1876 साली डी बारी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते ठेवलं. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याची पिकं कुजून जो महाभयंकर दुष्काळ पडला, तोही याच कुळातल्या एका भावंडामुळे. आणि आपल्या पोफळीवर पावसाळ्यात कोळेरोग येऊन सुपारी गळते, तेसुद्धा याच घराण्याचं काम. आता शास्त्रज्ञ म्हणतात की ही खरी बुरशी नव्हेच, समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी हिचं नातं जास्त जवळचं. पण आपण आगरातले लोक तिला बुरशीच म्हणतो आणि मीही आज तसंच म्हणणार आहे. सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

हे शेवाळाचं नातं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण हिचे बीजाणू पाण्यात पोहतात. प्रत्येकाला दोन बारीक शेपट्या असतात. मातीत पाणी साचलं की ते बाहेर पडतात आणि मुळाचा वास घेत पोहत जातात. पाऊस धो धो पडताना मातीचे शिंतोडे हात-दीड हात वर उडतात, त्यांच्याबरोबर ते खालच्या पानांवर चढतात. पानावर काळा डाग पडतो. नीट बघितलंत तर वाढत्या डागाची कड झालरीसारखी फाटकी दिसते. बुंध्याला लागला तर साल काळी पडते, नखाने सोललं की आत ओलसर कुजकं. असं झालं की वेल काही दिवसांची सोबती. पण नुसत्या बारीक मुळांना लागला तर मात्र वरून काहीच कळत नाही. वेल एक हंगाम, कधी दोन हंगाम हिरवी राहते, जरा पिवळी पडते, पुन्हा सावरते. आपल्याला वाटतं, तब्येत सुधारली. तुमच्यासाठी कलमं केली त्या वेली अशाच असणार.

त्यातून मी आणखी एक घोळ करून ठेवला होता. मिरीची रोपं कशापासून करतात? वेलीच्या बुडातून जमिनीवर सरपटत जाणारे जे लांब फुटवे निघतात, त्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून. म्हणजे जो भाग ओल्या मातीला सगळ्यात जास्त चिकटून असतो आणि ज्याला शिंतोडे सगळ्यात आधी लागतात, त्याच भागापासून. जाणते लोक हे फुटवे जमिनीवर पडूच देत नाहीत, बुडाजवळ काठी रोवून तिच्याभोवती गुंडाळून ठेवतात. सासूबाईंच्या काळी तशा काठ्या होत्या. आगर साफ दिसावं म्हणून मी त्या काढून टाकल्या होत्या. पिशव्यांत भरलेली मातीही मी पाटाकडचीच उचलली होती, कारण तिथली काळी आणि भुसभुशीत.

आता तुमच्यातल्या एका मैत्रिणीबद्दल. ती समोरच बसली आहे, नाव घेतलेलं तिला आवडणार नाही. ती सिंधुदुर्गात राहते. गेल्या मेळाव्यात तिने एकीऐवजी सहा पिशव्या नेल्या होत्या. तिच्याकडे आधीच्या 22 वेली होत्या, आणि मिरीच्या पैशांतून तिच्या घरातलं वर्षाचं बरंचसं औषधपाणी निघायचं. 2021 च्या गणपतीनंतर मी तिच्याकडे गेले. मागच्या दारी उभं राहून बघितलं तर पोफळीला तेच काळे दोर. 22 पैकी 16 गेल्या होत्या. मी विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, "पावसान गेले गो, काय करतलंस." आणि चहा ठेवायला आत गेली.

मी पाटाच्या कडेने चालत वर गेले. माझ्या सहा वेली तिने सगळ्यात वर, विहिरीजवळ लावल्या होत्या. पाहुण्याला मानाची जागा, तशी. त्या सहाच्या सहा आधी गेल्या होत्या. रोग माझ्याच रोपांतून आला हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही. पण तिला ते ठाऊक होतं आणि मलाही कळलं. ती पावसाचं नाव सांगत राहिली. मी तो चहा कसा घेतला ते माझं मला ठाऊक.

परत आल्यावर मी यादी काढली. 34 नावं. 29 जणांशी फोनवर बोलणं झालं. 17 जणांनी मुंबई-पुण्याकडे कुंडीत लावली होती. त्यांतल्या 14 गेल्या, बहुतेक पाण्यावाचून, त्याचा दोष मी माझ्याकडे घेत नाही. 12 जणांनी गावी जमिनीत लावली, त्यांतल्या आठ गेल्या. म्हणजे सात वेली जिवंत आहेत, आणि पाच जणांचा पत्ता लागला नाही. टपाल खात्यातल्या बाईला पत्ता लागू नये ही मोठीच नामुष्की. त्या सात घरांना आणि त्या पाच जणांना माझी हात जोडून विनंती आहे: त्या वेलीचं कलम कोणालाही देऊ नका. बहिणीला नाही, शेजाऱ्याला नाही, देवळाच्या बागेला तर मुळीच नाही. आधी तपासा.

घरी तपासायची एक साधी रीत त्या मुलाने मला शिकवली. वेलीच्या बुडाजवळची, बारीक मुळं असलेली मूठभर माती काचेच्या भांड्यात घ्यायची, त्यावर चार बोटं पाणी. माती खाली बसली की दुसऱ्या निरोगी मिरवेलीच्या कोवळ्या पानाचे नखाएवढे तुकडे पाण्यावर तरंगत ठेवायचे. भांडं सावलीत. दोन-तीन दिवसांत तुकड्यांच्या कडा काळ्या पडायला लागल्या तर संशयाला जागा आहे. शेजारी नुसत्या पाण्याचं एक भांडंही ठेवा, त्यातही तसेच तुकडे घाला, म्हणजे पानं आपोआप काळी पडली की मातीमुळे, हे कळेल. ही काही प्रयोगशाळा नव्हे. तुकडे स्वच्छ राहिले म्हणून निर्धास्त होऊ नका. पण काळे पडले तर मात्र ऐका.

सर, तुम्हाला इथे एक गोष्ट सांगायची आहे. नववीत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलींनी वांग्याची रोपं केली होती. वाफ्यात बी दाट पेरलं, वर पोतं घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी. एका सकाळी येऊन बघतो तर मधली रोपं जमिनीलगत कापल्यासारखी आडवी. कोलमडलेली. आम्ही रडकुंडीला आलो. तुम्ही आम्हाला धीर वगैरे काही दिला नाहीत. आडवी पडलेली आणि त्यांच्या सभोवतालची वीतभर उभी रोपंसुद्धा मातीसकट उचलायला लावलीत, गडग्यापलीकडे खड्डा काढून पुरायला लावलीत. मग हात आणि खुरपी विहिरीवर धुवायला लावलीत, आणि दोन दिवस पाणी बंद. जिवंत रोपं का उपटायची, असं एकीने विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "ती जिवंत दिसतायत." आम्हाला ती शिक्षा वाटली होती. खुरपी धुणं तर अगदीच जुलूम वाटला होता. चाळीस वर्षांनी मी पाटात उभी होते, तेव्हा "दिसतायत" या शब्दावर तुम्ही दिलेला जोर मला आठवला.

मग मी काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण समितीने घड्याळ दाखवलंय.

मेलेल्या वेली मुळांसकट काढून जाळल्या. ती जागा रिकामी ठेवली, तिथे पुन्हा मिरी नाही. पाट वळवला, आता वरचं पाणी जिवंत वेलींच्या बुडाशी जात नाही. आळी होती ती मोडली आणि उलट बुडाशी मातीचा उंचवटा केला, म्हणजे पावसात पाणी तुंबत नाही. बुडाशी सुक्या पातेऱ्याचा थर घातला, त्याने शिंतोडे उडत नाहीत. फुटव्यांना काठ्या परत आल्या. आणि काम नेहमी खालून वर नाही, तर निरोगी भागाकडून आजारी भागाकडे. आजारी भागात गेलं की चपला, कोयता, हात धुतल्याशिवाय परत फिरायचं नाही. कोयता पुसायला एक स्पिरिटची बाटली मी आंघोळीच्या दगडावर ठेवली आहे. घरातले हसतात, हसू देत.

आणि बोर्डो मिश्रण. हे पोफळीवाल्यांना सांगायला नको. मृगाच्या आधी पाडेल्याच्या मागे कोण धावतं ते आपण सगळे जाणतो. पण शहरातल्यांसाठी सांगते. दहा लिटरला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना. दोन प्लास्टिकच्या बादल्या, लोखंड नको. एकीत पाच लिटर पाण्यात मोरचूद विरघळवायचा, दुसरीत पाच लिटरमध्ये चुना विझवून गाळून घ्यायचा. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत ढवळायचं, उलटं नाही. आकाशी रंग येतो, फार सुंदर दिसतो. त्यात घासून चकचकीत केलेली सुरी मिनिटभर बुडवायची. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घाला, नाहीतर पानं जळतील. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. रोहिणीत एकदा आणि पावसाने मध्ये उघडीप दिली की एकदा, पानांना खालून-वरून, आणि बुडाशी. बुंध्याला लावायचा मलम हवा असेल तर तेवढंच मोरचूद आणि चुना एक लिटरमध्ये. हातमोजे आणि चष्मा लावा. आणि आठ दिवसांत खायच्या पालेभाजीवर उडू देऊ नका. तांबं मातीत साठत जातं, म्हणून ऊठसूट फवारायचं हे औषध नाही.

याच्या जन्माची कथा आपल्या वर्गाला आवडण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ द्राक्षाचे मळे. 1882 साली मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तिथून चालले होते. सगळ्या मळ्यांत केवडा रोगाने पानं झडलेली, पण रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्या. चौकशी केली तेव्हा कळलं की येणारे-जाणारे द्राक्षं चोरतात, म्हणून मालकाने रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडलं होतं, दिसायला विषारी वाटावं म्हणून. 1885 मध्ये मिलार्दे यांनी ते जगाला सांगितलं. थोडक्यात, चोरांमुळे औषध सापडलं. शाळेच्या वाटेवरच्या कैऱ्या पाडणाऱ्या आपल्या मुलांनी शास्त्राला असं काही दिलं नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

जैविक काय करायचं, असं हल्ली सगळे विचारतात. ट्रायकोडर्मा नावाची मित्रबुरशी मिळते. ती निंबोळी पेंडीत किंवा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर करून आठ-दहा दिवस सावलीत ठेवायची आणि मग बुडाशी घालायची. चांगली आहे. पण तांब्याचं औषध ओतलं त्याच आठवड्यात ती घालू नका, तांबं तिलाही मारतं. मध्ये निदान तीन आठवडे जाऊ द्या. आणि मेलेल्या वेलीला ती जिवंत करत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

गॅलरीत गुलाब लावलेले इथे बरेच आहेत, सकाळपासून चार जणांनी मला मोबाइलवर पिवळ्या पानांचे फोटो दाखवलेत. पानावर काळे गोल ठिपके, कडा पिसासारखी, भोवती पिवळं, आणि पान गळतं, तर तो काळ्या ठिपक्यांचा रोग. त्या बुरशीला रुजायला पान साधारण सात तास ओलं राहावं लागतं. तुम्ही रात्री ऑफिसातून येऊन पाइपने वरून अंघोळ घालता, म्हणजे तिला रात्रभराची सोय करून देता. पाणी सकाळी, मुळाशी, पानं कोरडी. गळलेली पानं कुंडीतून रोजच्या रोज उचला, बुरशी त्यांच्यावरच मुक्काम करते. ती पानं घरच्या खताच्या डब्यात टाकू नका, त्या डब्यात बुरशी मरण्याएवढी उष्णता होत नाही. पिशवीत बांधून कचऱ्यात. पांढरी पूड उधळल्यासारखं दिसत असेल तर ती भुरी. तिला ओलं पान लागत नाही, दमट रात्री आणि कोंदट जागा पुरते, तेव्हा कुंड्या जरा लांब लांब ठेवा. जुनी माती पुन्हा वापरायची असेल तर मे महिन्यात ओली करून पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक, कडा मातीने दाबून चार ते सहा आठवडे उन्हात. काळं प्लास्टिक नको, पारदर्शक. बाकी सगळ्या रोगांचं इथे सांगत बसले तर संध्याकाळचा नाच रद्द करावा लागेल.

आणि पाहुण्यांकडून आलेलं रोप. ते आणलंत की लगेच बाकीच्यांत मिसळू नका. महिना-दोन महिने वेगळं, विटेवर उचलून ठेवा, त्याचं पाणी दुसऱ्या कुंडीत जाणार नाही असं. रोप कोणी का दिलं असेना. मी दिलं असलं तर दोन महिने जास्त.

माझ्या मैत्रिणीशी माझं बोलणं शेवटी 2022 मध्ये झालं. मी सगळं सांगितलं, रेषेसकट. ती म्हणाली, मला माहीत होतं, पण तू सुतळीची फुलं बांधली होतीस गं. पुढे दोघींनी मिळून तिच्याकडे एक ओटा बांधला, चिऱ्याचा, कमरेएवढा उंच. त्यावर उन्हात तापवलेल्या मातीच्या पिशव्या, आणि माझ्या त्या उंचवट्यावरच्या पाच वेलींचे फुटवे. जमिनीला कधी न टेकलेले, वरच्यावर धरून काढलेले. दोन पावसाळे झाले. आम्ही दर पावसाळ्यानंतर काचेच्या भांड्यात पानाचे तुकडे तरंगत ठेवतो आणि दोघी त्यांच्याकडे बघत बसतो, निकालाच्या दिवशी बसायचो तशा. अजून काळे पडलेले नाहीत. तरी आणखी एक पावसाळा जाऊ द्यायचा, असं आमचं ठरलंय. त्यानंतर कोणाला हवं असेल तर न्यायला तिच्या घरी यायचं. पोस्टाने पाठवणार नाही.

तोपर्यंत म्हणून मी वाळवलेली मिरी आणली आहे, त्याच पाच वेलींची. दाराजवळच्या टेबलावर पुड्या आहेत, प्रत्येकी एक, बाईंसाठी दोन, कारण त्यांना कफाचा त्रास आहे. सुतळी बांधलेली नाही. आणि कोणी पेरून बघायच्या भानगडीत पडू नका, कडक उन्हात वाळवलेली मिरी उगवत नाही. सारात घाला.